घर फुटलं, मग जोडणार कोण?

बोर घाटाच्या पायथ्याचा कर्जत-खालापूरचा पट्टा म्हणजे भाताची खाचरं, ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आणि रेल्वे. मिशनऱ्यांचे मोठे तळ या बाजूला पडलेच नाहीत. स्कॉटिश मंडळी १८२३ साली बाणकोटला उतरली, अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला बस्तान बसवलं. माथेरानला चर्च आहेत, पण ती हवा खायला येणाऱ्या साहेबांची. त्यामुळे मिशन आणि समेट हा विषय घेऊन इथून निघालं, की आधी किनाऱ्याकडे आणि मग घाटावरही जावं लागतं.

खुद्द कर्जतच्या रायगड जिल्ह्यातला माणूस या कथेत ठळक आहे, पण विरोधी पक्षात. माणगाव तालुक्यातल्या शिरवलीचे विष्णू भिकाजी गोखले, म्हणजे विष्णुबावा ब्रह्मचारी, १८५७ च्या जानेवारीपासून मे अखेरपर्यंत मुंबईच्या चौपाटीवर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. समोर जॉर्ज बोवेन. हा अमेरिकन १८४८ मध्ये मुंबईत आला, मिशनचा पगार सोडून फकिरीत राहिला आणि १८८८ मध्ये इथेच वारला. वादाचा वृत्तान्त बोवेननेही छापला आणि बावांच्या बाजूनेही ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ निघाला. कोणी कोणाला पटवलं नाही. पण भर वाळूत, गर्दीसमोर, दुसऱ्याचं म्हणणं संपेपर्यंत थांबायचं, एवढं तरी त्यांनी केलं. आजच्या चर्चा पाहता हेही थोडं नव्हे.

चौपाटीवर शब्दाला शब्द लागत होता. खरा घाव बसत होता तो घरांवर. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. बाप कोर्टात गेला आणि मुलगा परत मिळाला. पण मिशनऱ्यांच्या पंक्तीत जेवलेल्या पोराला जातीत घ्यायचं कसं? प्रायश्चित्त देऊन घ्यावं, म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले. कोर्टाने पोर बापाच्या हाती दिलं. पंक्तीत बसवणं कोर्टाच्या हातात नव्हतं.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा समेट वाटतो तो लक्ष्मीबाई टिळकांचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. पुढची काही वर्षं ती लहान मुलाला, दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिली. नवऱ्याकडे परत गेली तीही सोवळं-ओवळं सोबत घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळं. जात देवाने केलेली नाही, माणसांनी केली, हे तिचं तिला उमगलं तेव्हाच तिने शिवाशिव सोडली, बाप्तिस्मा त्यानंतरचा. तिच्या आत्मकथनाचा, ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला. त्यात ती कोणाचीही कड घेत नाही, नवऱ्याची तर नाहीच. टिळकांच्या अभंगांचं कौतुक होतं ते योग्यच, पण दोन्ही बाजूंचे टोमणे खाल्ले ते बाईने. समेटाचा हिशेब मांडताना हा खर्च कोणी धरत नाही.

समेटाचं अलीकडचं उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं. वसईचा हा धर्मगुरू, ‘सुबोध बायबल’चा कर्ता, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तेव्हा विरोध झालाच. संमेलन मात्र पार पडलं.

आता पुन्हा कर्जत. इथे आज तुटलेली घरं सांधायचं जे काम चालतं, त्याच्या दारावर कोणत्याही धर्माची पाटी नाही. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांचं श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणतं, बरं करतं आणि घरी पोचवतं. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाव, भाषा, धर्म, कुलदैवत हे सगळं इथे पत्ता शोधण्याच्या कामी येतं. औषधाने माणूस सावरतो, गावाचं नाव सांगू लागतो. मग कार्यकर्ता त्याला रेल्वेने थेट घरापर्यंत नेतो. घरच्यांना आजार समजावून सांगायचा, गोळ्या कशा द्यायच्या ते दाखवायचं. करणी-भानामतीवर विश्वास असलेल्या घरात हे एका भेटीत होत नाही.