जुन्या फ्रिजचा अखेरचा श्वास

जुना फ्रिज भंगाराच्या हातगाडीवर चढतो, तांब्याची नळी कापली जाते आणि आतील वायू क्षणार्धात हवेत निसटतो. विसाव्या शतकातील बहुतेक फ्रिजमध्ये असलेला आर-१२ हा वायू वातावरणात सुमारे १०० वर्षे टिकतो. त्यातील क्लोरीन ओझोनचे कवच झिजवतो. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याचे उत्पादन थांबविले, परंतु यंत्रांत आधीच भरलेला साठा नष्ट करणे बंधनकारक केले नाही. तो यंत्राने सिलिंडरमध्ये ओढून, हजार अंशांहून अधिक तापमानाच्या भट्टीत जाळावा लागतो. तेथे निर्माण होणारी आम्ले चुन्याने शमवितात. म्हणून जुना फ्रिज अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच सोपवावा आणि देताना विचारावे : यातील वायू कोण काढणार?