पट्टा, पिशवी आणि बिल्ला

कुत्र्यांसाठी राखीव बाग ही आता आपल्याकडे फार नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. हैदराबादच्या कोंडापूर भागात तिथल्या महापालिकेने २०१८ साली अशी बाग सुरू केली, तेव्हा तिची देशभर बातमी झाली होती. आता आपल्याकडेही कुठे स्वतंत्र बाग, तर कुठे मोठ्या उद्यानाचा कुंपण घातलेला कोपरा अशी सोय दिसू लागली आहे. फाटकावर नियमांची पाटी असते. परवाना हवा, रेबीजची लस झालेली हवी, विष्ठा मालकाने उचलावी, फाटकापर्यंत पट्टा सोडू नये, आजारी कुत्रा किंवा लहान पिल्लू आणू नये, लहान मुलांना एकटे सोडू नये. बहुतेकांना ही पाटी म्हणजे उद्यान खात्याची शिस्त वाटते. मला मात्र त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे एक आजार दिसतो.

सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम विष्ठेचा. ‘मातीतच तर आहे, खत होईल’ हे उत्तर ठरलेले. शेणाशी केलेली ही तुलना फसवी आहे. कुत्र्याच्या, त्यातही पिल्लाच्या आतड्यात टॉक्सोकारा नावाचा गोलकृमी सर्रास असतो. आईच्या पोटात असतानाच पिल्लाला त्याची लागण होऊ शकते, त्यामुळे घरातच वाढलेले पिल्लूही त्यातून सुटत नाही. या कृमीची हजारो अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. गंमत अशी, की ताज्या विष्ठेतली ही अंडी निरुपद्रवी असतात. उबदार, ओलसर मातीत दोन ते चार आठवडे गेल्यावर त्यांच्यात अळी तयार होते आणि मग ती संसर्ग करू शकतात. तोवर विष्ठा पावसाने, पायांनी मातीत मिसळून गेलेली असते. दिसत काहीच नाही, पण जाड कवचाची ती अंडी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मातीत टिकतात. तिथे खेळून मातीचे हात तोंडात घालणारे मूल ती गिळते.

माणूस हे या कृमीचे नेहमीचे घर नाही. अळीला आतड्यात स्थिरावता येत नाही, म्हणून ती यकृतात, फुप्फुसात आणि क्वचित डोळ्यात भटकत राहते. १९५० साली हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकी संशोधिकेने डोळ्याच्या कर्करोगाच्या संशयावरून काढून टाकलेले मुलांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यातल्या अनेक डोळ्यांत गाठीच्या जागी कृमीची अळी सापडली. ही अळी टॉक्सोकाराची, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. डोळ्यात शिरण्याचा प्रकार विरळा आहे, घाबरून बागेत जाणे सोडावे असे मुळीच नाही. पण ‘लगेच उचला’ यातल्या ‘लगेच’ला किती अर्थ आहे, हे त्यावरून कळावे. ताजी उचललेली विष्ठा ही केवळ घाण असते. महिनाभर पडलेली विष्ठा हे बियाणे असते.

कुत्र्यातल्या अंकुशकृमीचे वेळापत्रक याहून घाईचे. त्याची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि आठवडाभरात अळी अनवाणी पायातून कातडीत शिरायला तयार होते. पायावर लाल, नागमोडी, रोज थोडी पुढे सरकणारी रेघ उठते आणि रात्री झोप उडवणारी खाज सुटते. वाळूत अनवाणी फिरून आलेल्यांमध्ये हे दिसते. बरेच जण गजकर्ण समजून आठवडेच्या आठवडे मलमे चोळत बसतात. खरे तर औषध साधे आहे, पण ते पोटात घ्यायचे असते.

तेव्हा पिशवी न्यावी, विष्ठा उचलावी, गाठ मारून कचऱ्याच्या डब्यात टाकावी आणि हात साबणाने धुवावेत. पिशवी बांधून ती झाडाच्या बुंध्याशी ठेवून जाणारी मंडळीही असतात. त्यांचे तर्कशास्त्र मला अजून उमगलेले नाही. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंताचे औषध देणे हाही या नियमाचाच भाग समजावा, पाटीवर लिहिलेला नसला तरी.

आता परवाना. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत पाळीव कुत्र्याचा परवाना बंधनकारक आहे आणि त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. अनेकांना तो पैसे उकळण्याचा प्रकार वाटतो. आमच्या रुग्णालयातल्या श्वानदंशाच्या ओपीडीत बसले, की त्याचे मोल कळते. पोटरीवर दातांचे व्रण असलेल्या मुलाला घेऊन आई येते आणि सांगते, ‘‘डॉक्टर, भटका नव्हता हो. चांगला पाळलेला, गळ्यात पट्टा होता. मालकांनी सॉरी म्हटलं, इंजेक्शन दिलंय म्हणाले आणि निघून गेले.’’ कोण मालक? कुठे राहतात? ठाऊक नाही. लस खरोखर दिली होती का, कधी दिली, हेही ठाऊक नाही.

मालक का सापडायला हवा, ते सांगतो. रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेतून नसांवाटे मेंदूकडे सरकतो आणि मेंदूत पोचल्यावर तिथून लाळग्रंथींत उतरतो. म्हणजे कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो, तेव्हा त्याचा मेंदू आधीच ग्रासलेला असतो. असा कुत्रा साधारण दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो. उलट, चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर त्या चाव्यातून रेबीजचा धोका नव्हता असे म्हणता येते आणि पुढचे डोस किती द्यायचे हे डॉक्टर ठरवू शकतात. उपचार मात्र या दहा दिवसांसाठी थांबवायचे नसतात, ते पहिल्याच दिवशी सुरू होतात. कुत्र्याला लस दिली असल्याचे मालकाने तोंडी सांगितले म्हणूनही ते टाळायचे नसतात. कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की रोगी वाचवणे जवळपास अशक्य असते. पण कुत्र्यावर लक्ष ठेवायचे तर तो कुठे आहे हे माहीत हवे. गळ्यातल्या बिल्ल्यावरचा क्रमांक त्यासाठी आहे. तो घरच्या कपाटात ठेवून उपयोग नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू संसर्ग झालेल्या प्राण्यांच्या लघवीतून बाहेर पडतो. शहरात त्याचा मुख्य वाहक उंदीर, पण कुत्र्यालाही हा आजार होतो आणि त्याच्याकडून तो पसरू शकतो. २६ जुलै २००५च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती, ती अनेकांना आठवत असेल. बागेतल्या डबक्यातले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये, त्याच्यासाठी घरून बाटली न्यावी. पायाला जखम असेल तर आपणही त्या पाण्यातून चालू नये. कुत्र्यांच्या काही एकत्रित लशींत लेप्टोचा भाग असतो, काहींत नसतो. पशुवैद्यकाला विचारून घ्यावे.

पिल्लू आणू नये हा नियम पिल्लाच्याच भल्यासाठी आहे. पार्वो हा विषाणू माणसाला काही करत नाही, पण लसीकरण पुरे न झालेल्या पिल्लाला रक्ताच्या जुलाबांनी दोन-चार दिवसांत संपवू शकतो आणि तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो. सगळे डोस पूर्ण होईपर्यंत त्याला घरातच खेळवावे.

पट्टा आणि मुले यांबद्दल थोडक्यात. बहुतेक भांडणे फाटकातच होतात, आत येणारा आणि बाहेर जाणारा कुत्रा समोरासमोर आले की. म्हणून जिथे दोन फाटके असतात, तिथे एक लावल्याशिवाय दुसरे उघडू नये. लहान मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येते, त्यामुळे त्याला चेहऱ्यावर, मानेवर चावा बसतो. मेंदू तिथून जवळ असल्याने हे चावे जास्त धोक्याचे.

चावा बसलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवा, पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात. हळद, चुना, तिखट काही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात यावे. लस मोफत मिळते. त्वचेत देण्याच्या पद्धतीत ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते. रक्त आलेले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. आणि बागेतून निघण्याआधी त्या कुत्र्याच्या मालकाचा फोन नंबर आणि बिल्ल्याचा क्रमांक लिहून घ्यावा. मालक कितीही सज्जन दिसत असले तरी दहाव्या दिवशी त्यांना फोन करावा.