मीटर गाडीचं, रनिंग तुमचं

जुनी गाडी, नवा मालक : भाग ६

स्विफ्ट डिझायर व्हीडीआय, २०१३ चं मॉडेल, एमएच-११ पासिंग, सेकंड ओनर, रनिंग १ लाख ८६ हजार, किंमत दोन लाख दहा हजार, 'समोर बसल्यावर कमी-जास्त होईल'. अशी गाडी विकायला निघाली की घरात दोन मतं पडतात. मेहुणे म्हणतात, "दोन लाख किलोमीटर झालं, इंजिन संपलं." शेजारचे काका म्हणतात, "डिझेल आहे ते, पाच लाख पळतंय." दोघंही मीटरकडे बघून बोलतात. त्यामुळे जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा तो राहूनच जातो. घेणाऱ्याचं स्वतःचं महिन्याचं रनिंग किती?

या गाड्या आज एवढ्या स्वस्त आणि एवढ्या संख्येने का दिसतात, ते आधी पाहू. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलचे दर मोकळे सोडले, डिझेलचे मात्र ऑक्टोबर २०१४ पर्यंत धरून ठेवले. मधल्या काळात पेट्रोल भडकत गेलं. २०१२ च्या उन्हाळ्यात तर दोन्हींच्या दरांत लिटरमागे तीस रुपयांच्या घरात फरक होता. शोरूममध्ये पेट्रोल गाडी तयार उभी आणि डिझेलला वेटिंग, अशी ती वर्षं. ज्यांना गरज होती त्यांनी डिझेल घेतली, आणि ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा मंडईत जायची त्यांनीही घेतली. पुढे डिझेलचे दरही मोकळे झाले, फरक घटला, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू होताना मारुतीने डिझेल इंजिन बंदच केलं. त्या लाटेतल्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आल्यात. म्हणून बाजारात एवढी गर्दी आहे.

आता हिशेब. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. त्या डिझायरचा कंपनीने सांगितलेला ॲव्हरेज २३ च्या पुढचा. तो विसरा, १९ धरा. त्याच वयाची पेट्रोल गाडी १५ देईल. पेट्रोलला किलोमीटरमागे सहा रुपये नव्वद पैशांच्या पुढे, डिझेलला चार रुपये ऐंशी पैशांच्या आत. म्हणजे किलोमीटरला साधारण सव्वादोन रुपयांहून थोडं कमी वाचतं. फलटणहून बारामतीला रोज नोकरीला जा-ये करणाऱ्याचं महिन्याला दीड हजार किलोमीटर सहज होतं. त्याचे वर्षाला अडतीस-एकोणचाळीस हजार वाचतील. कोथरूडमध्ये राहून महिन्याला चारशे किलोमीटर फिरवणाऱ्याचे वाचतील दहा हजार. एवढ्यात जुन्या डिझेलचं एक मोठं कामही निघत नाही. आणि शहरात ज्याच्या घराजवळ पंप आहे त्याच्यासाठी सीएनजीचा हिशेब आपण मागच्या भागात मांडलाच होता. तो डिझेलपेक्षाही स्वस्त पडतो, फक्त रांगेत उभं राहायची तयारी हवी.

तेव्हा महिन्याला हजार-बाराशे किलोमीटरच्या खाली रनिंग असेल तर माझं उत्तर सरळ 'नको' असं आहे. गाडी कितीही चकचकीत असो, फर्स्ट ओनर डॉक्टर असो. (जाहिरातीतला पहिला मालक नेहमी डॉक्टरच कसा असतो, हा वेगळा विषय आहे.) डिझेल इंजिनाला नीट तापायला वेळ लागतो. दोन किलोमीटर जाऊन बंद, पुन्हा दोन किलोमीटर, असं वर्षभर चाललं की ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साठते, पिकअप मरतं, धूर वाढतो. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये तर काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पळाली नाही तर तो चोंदतो आणि मोठा खर्च काढतो. त्या मानाने २०१३ च्या गाड्या साध्या.

रनिंग भरपूर असेल तर मात्र १ लाख ८६ हजार या आकड्याला घाबरण्याचं कारण नाही. त्या डिझायरमध्ये फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे. स्विफ्ट, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो, सगळ्यांत हेच. वाहनप्रेमी गमतीने त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. आपल्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनत होतं. याचा फायदा असा की सोलापूरपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी हे इंजिन हजारदा उघडलेला मिस्त्री भेटतो आणि पार्टही त्याच दिवशी मिळतो. जुनी डिझेल घेताना हीच बाब मी सगळ्यात वर ठेवतो. निम्म्या किमतीत मिळणारी परदेशी सेदान ज्या दिवशी पार्टसाठी महिनाभर गॅरेजात पडते, त्या दिवशी तिचा स्वस्तपणा कळतो.

या इंजिनात टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. 'चेन आहे म्हणजे बदलायची गरज नाही,' असं विकणारा सांगेल. ते अर्धंच खरं आहे. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दर दहा हजारांना बदलायचं ऑइल कुणी पंचवीस हजारांपर्यंत ओढलं असेल तर चेन सैल होते, आणि ती सुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग इंजिनच उघडावं लागतं. म्हणून दोन लाख किलोमीटर चाललेली पण दर दहा हजारांना ऑइल बदललेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण निम्म्या शंकेने घेईन. ऐंशी हजार चाललेली आणि सर्व्हिसचा एक कागदही नसलेली घेणार नाही. तेरा वर्षांत ऐंशीच हजार? एक तर मीटर मागे फिरवलंय, नाहीतर गाडी वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये बसून होती. बसलेली डिझेलही बरी नव्हे. सील सुकतात, टाकीत पाणी धरतं, नोझल चिकटतात.

गाडी बघायला जाताना सकाळी जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर तुमच्यासाठी तिला आधीच उठवून ठेवलंय, एवढं समजून घ्या. थंड असेल तर चावी फिरवा, डॅशवरचा हीटरचा पिवळा दिवा जाऊ द्या आणि मग स्टार्टर मारा. एका दमात सुरू झाली पाहिजे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत इंजिनाच्या एका अंगाने साखळी खडखडल्यासारखा आवाज आला आणि मग विरला, तर ती चेन बोलतेय. त्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी सायलेन्सरच्या मागे उभं करा. थंडीत क्षणभर पांढरट वाफ निघाली तर चालेल. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय: टर्बोचं सील तरी गेलंय, नाहीतर रिंगा. रेस दिल्यावर काळा लोट आला तर नोझल, ईजीआर किंवा एअर फिल्टर यांपैकी काहीतरी आहे. त्यातला फिल्टर शेकड्यांत निघतो, नोझल नाही.

पाच मिनिटांनी इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचं झाकण फिरवून काढा, पण बाजूला ठेवू नका, तसंच तोंडावर ठेवा. चांगल्या इंजिनात ते किंचित थरथरतं. खालून फुंकर येऊन झाकण उडू लागलं, धुराचा झोत वर आला, तर रिंगांमधून कॉम्प्रेशन खाली गळतंय. मिस्त्री लोक याला 'बॅक मारते' म्हणतात. या एका तपासणीवर मी सौदा मोडलेला आहे, कारण पुढचा शब्द 'इंजिन काम' हा असतो. झाकणाच्या आत पिवळसर मलईसारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेल्याचीही शंका घ्या.

नोझल हा डिझेलच्या खर्चातला खरा राक्षस. कारच्या चाकात हवा असते दोन-सव्वादोन बार. या इंजिनात डिझेल हजार बारच्या वर दाब घेऊन केसाएवढ्या छिद्रांतून मारलं जातं. छिद्रं झिजली की ॲव्हरेज पडतो, सकाळी सुरू व्हायला त्रास होतो, आयडलला गाडी हलते. चारही नवे घालायचे तर खर्च पन्नास हजारांच्या आसपास जाऊ शकतो. दुरुस्त करून घेतले तर बरेच कमी. म्हणून पंपवाल्याकडून, म्हणजे डिझेल पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडून, परतीच्या नळ्या काढून किती डिझेल मागे येतं ते मोजून घ्या. चारही बाटल्यांत पातळी सारखी हवी. त्याला पाचशे-हजार दिलेत तरी हरकत नाही. ही तपासणी नेहमीचे मिस्त्री करत नाहीत.

मीटरचा खरेखोटेपणा गाडीच सांगते. ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि मीटर म्हणतं सत्तर हजार, तर काय समजायचं ते समजा. पॅडलचं रबर कोरं करकरीत असेल तर ते का बदललं, हेही विचारा. दाराची हँडलं बघा. घरच्या गाडीत ड्रायव्हरच्या दाराचं हँडल जास्त झिजतं. मागच्या डाव्या दाराचं सगळ्यात जास्त झिजलं असेल, तर मागे भाडं बसत होतं. टी परमिटवरून प्रायव्हेट करून घेतलेल्या डिझायर बाजारात भरपूर आहेत. त्या वाईटच असतात असं नाही, पण त्यांचा भाव वेगळा हवा. सगळ्यात भक्कम पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे असतो. मालकाला सोबत घेऊन जा आणि गाडीच्या नंबरावरून तारीखवार किलोमीटर मागा. मालक टाळाटाळ करू लागला तर चहा पिऊन परत या.

कोकणातली गाडी असेल तर दारांच्या खालच्या कडा आणि फ्लोअर बघा, गंज तिथून धरतो. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं होतं. त्या भागातल्या जुन्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आत गुंडाळलेल्या टोकाला गाळाचा डाग राहतो, तिथपर्यंत धुणाऱ्याचा हात पोचत नाही.

कागदांत डिझेलपुरत्या दोनच गोष्टी सांगतो, बाकी तिसऱ्या भागात आलं आहे. आरसीवर गाडी कुठल्या मानकाची आहे ते बघा. २०१० मध्ये बीएस-४ आधी देशातल्या तेरा शहरांत आलं, त्यात महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. देशभर ते १ एप्रिल २०१७ ला लागू झालं. त्यामुळे सातारा पासिंगची २०१३ ची गाडी बीएस-३ निघू शकते. आज आपल्याकडे याने अडत नाही. पण उद्या निर्बंध आले तर जुन्या डिझेलपासूनच सुरुवात होईल, हे दिल्लीने दाखवलंय. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका कायम ठेवली. पुढे त्यात बदल होत राहिले, तरी 'दिल्लीची गाडी स्वस्तात' हा धंदा तेव्हापासून जोरात आहे. अशी डीएल पासिंगची गाडी घ्यायची तर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर यांचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करा. बहुतेक वेळा फरक उरत नाही. मुंबई महानगरात राहणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: हवेच्या प्रदूषणावरून मुंबई उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर, पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने हटवता येतील का हे पाहायला राज्य सरकारने २०२५ मध्ये समिती नेमली.

दुसरी गोष्ट पंधरा वर्षांची. २०१३ ची गाडी २०२८ मध्ये पासिंगला येणार. तेव्हा फिटनेस, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, असा खर्च एकदम येतो आणि धूर मारणारी गाडी तिथे अडते. म्हणजे आज दोन लाख दहा हजारांत तुम्ही निर्धास्त अशी मोजकीच वर्षं विकत घेताय, आणि भाव त्यावर ठरवायला हवा.

त्या एमएच-११ च्या डिझायरला मी फलटणकराच्या जागी असतो तर काय बोललो असतो? झाकण शांत आहे, चेनचा आवाज नाही, सर्व्हिसचा रेकॉर्ड दीड लाखांपर्यंत सलग आहे, एवढं जुळलं तर एक लाख सत्तरपासून सुरुवात करून एक नव्वदच्या पुढे गेलो नसतो. शिवाय पन्नास हजार बाजूला काढून ठेवले असते. क्लच, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, चार टायर आणि सगळी ऑइलं यांतलं काही ना काही पहिल्या सहा महिन्यांत निघतंच. गाडी, नावावर करायचा खर्च आणि हे पन्नास हजार मिळून ज्याच्या खिशात अडीच लाख आहेत, त्याने दोन लाखांची डिझेल बघावी. ज्याच्याकडे दोनच आहेत, त्याने दीड लाखाची बघावी.

(पुढच्या आठवड्यात : बँकेचा बोजा असलेली गाडी आणि आरसी नावावर होईपर्यंतचे दिवस)