ट्रक कुठे आहे आणि चालक कुठे आहे?

म्हैसूर शहरातून कृष्णराजसागराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या परिसरात, मेटगळ्ळीला लागून, बेळगोळ औद्योगिक वसाहत आहे. ट्रकचे टायर बनविणारा जुना विक्रांत कारखानाही याच परिसरातला. येथे माल भरून हुबळी, बेळगावमार्गे पुण्याला निघालेल्या ट्रकला नऊशे किलोमीटरच्या आसपास मजल मारावी लागते. या प्रवासासाठी टायर मिळतात, डिझेल मिळते, वाहनकर्जही मिळते. मिळेनासा झाला आहे तो स्टिअरिंगवर बसणारा माणूस. चालकांचा तुटवडा ही आज म्हैसूरपासून मुंबईपर्यंत सर्वच वाहतूकदारांची तक्रार आहे.

चार-पाच ट्रक बाळगणाऱ्या लहान वाहतूकदाराला या तुटवड्याची झळ सर्वांत आधी लागते. समजा, एका ट्रकचा मासिक हप्ता ६०,००० रुपये आहे. म्हणजे ट्रक धावो वा उभा राहो, दररोज २,००० रुपये देणे चढतच असते. चालक गावी गेला, तो आठ दिवस परतलाच नाही, तर हप्त्यापोटीचे १६,००० रुपये कमाईवाचून अंगावर पडतात. विमा व कर वेगळेच. खाते थकण्याची सुरुवात पुष्कळदा अशा उभ्या ट्रकापासून होते.

माणूस का टिकत नाही?

पूर्वी चालक घडविण्याची एक अलिखित शाळा होती. क्लीनर म्हणून आलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली दोन-चार वर्षे काढी, टायर बदलता बदलता गाडी शिके आणि एके दिवशी स्वतः चालक होई. खर्च वाचविण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर कमी केला आणि ही शाळा ओस पडत गेली. जुन्या चालकांची मुलेही या धंद्यात यायला तयार नाहीत. वडील महिनामहिना घराबाहेर असत, सणावारालाही पोहोचत नसत, हे त्यांनी पाहिलेले असते.

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ मध्ये झाला. त्याने दिवसाला ८ व आठवड्याला ४८ तास ही कामाची सर्वसाधारण मर्यादा घातली. २०१९ मध्ये व्यावसायिक परवान्यासाठीची आठवी उत्तीर्णतेची अट काढून टाकण्यात आली आणि दार रुंद झाले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकांच्या चालक-केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक आहे. परंतु कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन दिवस माल उतरण्याची वाट पाहणे आणि परतीचा माल मिळेपर्यंत परक्या गावात अडकून राहणे, हे दुखणे नियमाने सुटलेले नाही. ट्रकचा माग काढणारे तंत्र कामी येऊ शकते ते नेमके येथे.

यंत्र काय सांगते?

म्हैसूरला हे तंत्र नवे नाही. २०१२ मध्ये कर्नाटक राज्य परिवहन महामंडळाने ‘मित्र’ या नावाने येथील सुमारे ५०० शहर बसगाड्यांवर माग काढणारी यंत्रणा बसविली आणि पुढची बस किती मिनिटांत येणार हे थांब्यावरच्या फलकावर दिसू लागले. ट्रकमधील यंत्राचे तत्त्व तेच आहे. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांचे संदेश टिपून यंत्र आपले स्थान ठरविते आणि मोबाइलच्या सिमकार्डाद्वारे ते मालकाच्या पडद्यावर पाठविते. आपल्या देशाची ‘नाविक’ ही उपग्रहमालिकाही यासाठी वापरता येते. वेग, इंजिन चालू की बंद, थांबा किती वेळाचा, या नोंदी आपोआप होतात; जोड संवेदक बसविल्यास टाकीतील डिझेलही कळते.

हे यंत्र घेणारा मालक सामान्यतः पहिला उपयोग करतो तो पहारेकऱ्याचा. गाडी धाब्यावर का थांबली, वाट का बदलली, डिझेल कमी का झाले, असे फोन सुरू होतात. चोरी रोखणे रास्तच आहे. परंतु केवळ पाळतीसाठी बसविलेले यंत्र चालकाला जाचक वाटते. तुटवड्याच्या दिवसांत दुखावलेला चालक शेजारच्या मालकाकडे जातो आणि यंत्रासह ट्रक दारात उभा राहतो.

शहाणा वाहतूकदार त्याच नोंदी चालकाच्या बाजूनेही वाचतो. नकाशावर कारखान्याभोवती एक कुंपण आखून ठेवता येते. ट्रक त्यात कधी शिरला व कधी बाहेर पडला, हे मिनिटासह नोंदले जाते. ‘गाडी तीस तास फाटकावर होती’ हे आता पुराव्यानिशी सांगता येते, थांबण्याचे जादा भाडे मागता येते आणि त्यातून चालकाचा थांबा-भत्ता देता येतो. ट्रक उद्या दुपारी पुण्यात पोहोचणार हे ठाऊक असेल, तर परतीचा माल आजच ठरविता येतो. तीन-चार महिन्यांच्या नोंदी पाहून कोणत्या गिऱ्हाइकाकडे गाडी हमखास अडकते हेही उमगते. सलग किती तास गाडी चालली हे दिसत असल्याने थकलेल्या चालकाला ‘आता थांब’ असे सांगणारा फोनही याच यंत्रामुळे शक्य होतो.

टप्प्याची जुनी वाट

घर जवळ ठेवून लांबचा माल पोहोचविण्याची युक्ती फार जुनी आहे. म्हैसूर संस्थानात सतराव्या शतकात चिक्कदेवराज वडियारांच्या राजवटीत ‘अंचे’ ही टपालव्यवस्था सुरू झाली आणि १८८९ मध्ये ब्रिटिश टपालखात्यात विलीन होईपर्यंत ती चालली. त्या काळच्या हरकाऱ्यांच्या टपालात थैली पुढे जाई, हरकारा मात्र आपला टप्पा संपवून मागे फिरे.

हीच रीत ट्रकांना लावण्याचा मोठा प्रयोग २०१४ मध्ये स्थापन झालेल्या गुरुग्रामच्या रिव्हिगो या कंपनीने केला. ट्रक पुढे जाई. चालक मात्र काही तासांच्या टप्प्यानंतर बदले आणि दुसरा ट्रक घेऊन घराकडे परते. ट्रक व चालक यांची गाठ केव्हा, कुठे पडणार हे ठरविण्यास माग काढणारे तंत्र अनिवार्य होते. पुढे २०२२ मध्ये तिचा एक्सप्रेस मालवाहतुकीचा व्यवसाय महिंद्रा लॉजिस्टिक्सने घेतला.

टप्प्यांची पद्धत दोन्ही दिशांनी नियमित माल असल्याखेरीज परवडत नाही, त्यामुळे पाच ट्रकांच्या मालकाला ती जशीच्या तशी जमणार नाही. तिची लहान आवृत्ती मात्र जमण्यासारखी आहे. म्हैसूरचा एक व पुण्याचा एक असे दोन विश्वासू वाहतूकदार एकत्र आले, तर साधारण मध्यावरच्या हुबळीला चालकांची अदलाबदल होऊ शकते. दोघांचे ट्रक पडद्यावर दिसत असल्याने कोणी कोणाची ताटकळत वाट पाहणार नाही आणि दोन्ही चालक दोन-तीन दिवसांत आपापल्या घरी पोहोचतील. अर्थात विमा, नुकसानीची जबाबदारी आणि हिशेब यांचा लेखी करार आधी हवा.

ग्राहकांसाठी चार गोष्टी

यंत्र घेण्यापूर्वी ते कोणत्या प्रश्नासाठी हवे आहे हे ठरवावे. काय नोंदले जाते ते चालकाला आधीच समजावून सांगावे. नोंदींचा महिन्यातून एकदा तरी शांतपणे आढावा घ्यावा. न वाचलेला अहवाल हा केवळ मासिक शुल्काचा खर्च ठरतो. डिझेलच्या बचतीतील काही वाटा चालकाला द्यावा, म्हणजे यंत्र त्यालाही आपले वाटेल.

नियमित धावणाऱ्या ट्रकच्या नोंदी कर्जासंबंधी चर्चेतही उपयोगी पडतात. गाडी किती दिवस धावली, किती दिवस उभी होती आणि का, हे सांगू शकणारा ग्राहक अडचणीच्या महिन्यात बँकेकडे लवकर व नेमकी माहिती घेऊन येऊ शकतो. बँक अधिकाऱ्यांनीही हप्ता थकल्यावर ‘ट्रक कुठे आहे?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘चालक किती दिवसांत घरी जाऊन येतो?’ हा प्रश्न धंद्याच्या प्रकृतीविषयी अधिक सांगून जातो.

ट्रक कुठे आहे हे उपग्रह सांगेल. त्यात बसायला माणूस पुन्हा येईल की नाही, हे मात्र मालकाने त्या माहितीचे काय केले यावर ठरेल.