फिल्टर लपवा, पण हाताशी ठेवा

बागेत कोई माशांचं तळं करायचं ठरलं की चर्चा रंगते ती दगडांची, धबधब्याची आणि दिव्यांची. फिल्टर शेवटी आठवतो, तोही पाणी गढूळ होऊ नये म्हणून. पण तळ दिसेल इतक्या नितळ पाण्यातही मासे मरू शकतात. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, उरलेलं खाद्य कुजूनही तो तयार होतो, आणि विरघळलेला असल्यामुळे तो दिसत नाही. फिल्टरमधल्या स्पंजावर आणि जाळ्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी. तिसरा बराच सौम्य, पण तोही साचू नये म्हणून थोडं पाणी नियमित बदलावं लागतं.

ही जिवाणूंची वस्ती जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. त्यामुळे तळं भरताच सगळे मासे सोडणं चूक. स्पंज नळाखाली धुणंही चूक, कारण क्लोरीन जिवाणूंना मारतं. ते तळ्यातून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावेत. आणि वीज वाचवायला रात्री पंप बंद ठेवणं तर घातकच. पाणी थांबलं की जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, शिवाय रात्री पाण्यातलं शेवाळही ऑक्सिजन वापरतं. वीज वारंवार जाते तिथे इन्व्हर्टरवर चालणारा एअर पंप हवाच.

यूव्ही दिव्याने फक्त पाण्यात तरंगणारं हिरवं शेवाळ मरतं. दगडांना चिकटलेलं शेवाळ आणि अमोनिया तसेच राहतात.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे फिल्टर लपवायचा तर पुरून टाकायचा. तळाच्या निचऱ्यातून पाणी आपसूक फिल्टरच्या टाकीत यायचं, तर दोन्हींतली पाण्याची पातळी एक हवी. म्हणून टाकी जमिनीत उतरवतात, आणि लाकडी डेकखाली ती सहज झाकली जाते. मात्र एका माणसाला उचलता येईल असं झाकण, आत हात घालून काम करण्याइतकी जागा, गाळ सोडायचा व्हॉल्व्ह आणि पावसाच्या पाण्याला वाट, एवढं ठेवावंच लागतं. वर फरशी पक्की बसवली, तर साफसफाईसाठी तीच फोडावी लागेल.

दोन फुटांचं कुंड पुरतं, हाही समज सोडा. कोई ही जपानच्या निगाता भागातल्या शेतकऱ्यांनी 19व्या शतकात जोपासलेली कार्प आहे. ती 60 सेंटिमीटरपर्यंत सहज वाढते. खोली किमान 4 फूट ठेवा. 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल तळ्यात 7,200 लिटर पाणी मावतं. ते दोन तासांत एकदा तरी फिल्टरमधून फिरावं, म्हणजे तासाला निदान 3,600 लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा बहुधा पाणी उंच न चढवता मिळणारा असतो; धबधब्यावर चढवताना तो बराच घटतो, तेव्हा पंप मोठा घ्या.

कागदावर आधी फिल्टरची जागा आखा, तळ्याचा आकार त्यानंतर ठरवा.