वणवा आणि घराचे आवार

कोकणात शिमगा जवळ आला की सड्यावरचे गवत वाळून खडखडीत होते आणि कुठे ना कुठे वणवा लागतो. कधी भाजावळीची आग सुटते, कधी कुणी विडीचे थोटूक टाकतो. घर जळाले की ‘डोंगराने जाळले’ असे म्हणतात. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे.

ज्वाळांच्या आधी वाऱ्यावर ठिणग्या येतात. त्यांना लागणारे जळण आपणच जमवून ठेवलेले असते : पडवीला टेकलेली लाकडे, मागील दारची गवताची उडवी, कौलांत साठलेला पाचोळा. म्हणून सफाई भिंतीपासून सुरू करावी. भिंतीलगतची चार-पाच फूट जागा अगदी स्वच्छ ठेवावी, उडवी दूर रचावी. कॅलिफोर्नियात वणव्याच्या प्रदेशात घराभोवती १०० फुटांपर्यंत अशी निगा कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या वाडीत एवढी जागा कुणाकडे असणार! पण उताराच्या बाजूला तरी जास्त मोकळीक हवी, कारण आग चढावर वेगाने धावते.

आंबा-फणस तोडायला नकोत. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटाव्या, बुंध्याजवळची झुडपे काढावी, म्हणजे गवतातली आग शेंड्याला चढत नाही. काजूचा पाला मात्र वरचेवर झाडावा लागतो. (हे काम बायकांच्याच वाट्याला येते!)

बागेभोवतीचे गवत शक्यतो कापूनच पट्टा मोकळा करावा. ते गुरांना होते. जाळायचेच तर सकाळी, वारा पडलेला असताना, चार माणसे आणि ओले टहाळे हाताशी ठेवून. दुपारी समुद्रावरून वारा सुटल्यावर काडी लावू नये.