आष्ट्याहून विमानाला निघताना : तीन तास आधी, पण कशाच्या आधी?

उमराहचं तिकीट हातात आलं किंवा आखातातल्या नोकरीचा व्हिसा लागला की घरात पहिला प्रश्न ठरलेला : "विमानतळावर किती तास आधी पोहोचायचं?" उत्तरही ठरलेलं, तीन तास. मुंबईत राहणाऱ्याला ते पुरतं. आष्ट्याच्या माणसाला सहारचं विमानतळ गाठायला साडेतीनशे किलोमीटरहून जास्त रस्ता कापायचा असतो, आणि खरी अनिश्चितता त्या रस्त्यावर आहे.

वेळेचा हिशेब करण्याआधी तारीख बघा. आखाताकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख, ००.४० असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ १४ तारखेची रात्र. म्हणजे आष्ट्याहून १४ ला सकाळीच निघायचं. १५ ला संध्याकाळी निघालात तर विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झालेला असेल. आपल्यात मगरिबला नवी तारीख लागते, विमान कंपनीची रात्री बाराला लागते. घरातल्या कॅलेंडरवर निघायच्या दिवसावर गोल करा, विमानाच्या दिवसावर नको.

आता वेळ. तिकिटावर छापलेली वेळ विमान हलण्याची असते. आपल्यासाठी महत्त्वाची वेळ आहे चेक-इन काउंटर बंद होण्याची. परदेशी विमानांचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं, काही कंपन्यांचं त्याहूनही आधी. बोर्डिंगचं गेटसुद्धा विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद करतात. घरून वेब चेक-इन केलं तरी बॅगा द्यायला आणि व्हिसा दाखवायला काउंटरला जावंच लागतं. म्हणून उलटा हिशेब करायचा तो काउंटर बंद होण्याच्या वेळेपासून.

समजा, घरातले सहा जण उमराहला निघालेत, त्यात दादींना व्हीलचेअर लागते, आणि विमान पहाटे ४.१० चं आहे. काउंटर ३.१० ला बंद. सहा पासपोर्ट, दहा-बारा बॅगा, वजन जास्त झालं म्हणून रांगेतच बॅग उघडून सामान इकडून तिकडे करणं, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली तरी माणूस येईपर्यंत थांबावं लागतं. अशा कुटुंबाने रात्री बाराला दारात असावं. एकटा तरुण, एकच बॅग, कागद पूर्ण, तर एक वाजताही चालेल.

रस्त्याला पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, पुण्याचा बायपास, एक्स्प्रेसवेचा घाट, पनवेल, वाशी धरून जेवण आणि नमाजसह दहा तास लावा. त्यात किमान दोन तास जास्तीचे. सहापदरीचं काम, नवले पुलाजवळची कोंडी, घाटात बंद पडलेला ट्रक, यातलं एक तरी भेटतंच. म्हणजे रात्री बाराला पोहोचायचं तर दुपारी बाराला गाडी हलली पाहिजे. हलली पाहिजे म्हणतोय, कारण हार घालणं, गळाभेट, दुआ, "जरा चहा घेऊनच जावा" यात आपल्याकडे तास-दीड तास सहज जातो. पाहुण्यांना अकराची वेळ सांगा.

हे जास्तीचे दोन तास कुठे घालवायचे, हेही ठरवून ठेवा. घरी बसून घालवले तर ते कामाचे नाहीत, घाट उतरल्यावर हातात असले तर कामाचे. पनवेलला जेवा, नाहीतर मुंब्रा-कुर्ल्याला नातेवाईक असतील तर तिथे पाठ टेका. उगाच सात-आठ तास आधी विमानतळावर जाऊनही उपयोग नाही. काउंटर साधारण तीन-चार तास आधीच उघडतं, तोवर बॅगा सांभाळत बसायचं आणि म्हाताऱ्या माणसांची कंबर धरायची.

थेट जेद्दाहला जाणाऱ्यांनी इहरामचा वेळ वेगळा धरावा. विमान मीकात आकाशातूनच ओलांडतं, म्हणून बहुतेक जण मुंबईतच गुस्ल करून इहराम बांधतात. मुक्कामाच्या ठिकाणी हे केलं तर बरं, विमानतळाच्या टॉयलेटमध्ये घाई होते. आधी मदिनेला उतरणाऱ्यांना ही काळजी नाही. टूरबरोबर जाणाऱ्यांनी टूरवाल्याने दिलेली वेळ पाळावी, कारण बऱ्याचदा पासपोर्ट आणि तिकिटं त्यांच्याकडेच असतात आणि तिथेच वाटली जातात. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांचा हिशेबच वेगळा, रिपोर्टिंगची जागा आणि वेळ कमिटी कळवते, तीच धरायची.

बॅग उघडायला लावली की वेळ जातो. सुकं खोबरं चेक-इन बॅगेत चालत नाही. पॉवर बँक उलट, हातातल्या बॅगेतच. केस कापायला नेलेली कात्री मोठ्या बॅगेत टाका, लोणचं आणि अत्तराच्या मोठ्या बाटल्याही तिकडेच. खसखस मात्र कुठल्याच बॅगेत नको. सौदी आणि यूएईत तिच्यावर बंदी आहे आणि प्रकरण थेट पोलिसांपर्यंत जातं. अम्मीने प्रेमाने बांधून दिलेल्या मसाल्यातही ती नाही ना, हे विचारून घ्या.

काही गोष्टी लवकर पोहोचून सुटत नाहीत. दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट बहुधा ईसीआर असतो. सौदी, यूएई, कतार, कुवेतसह १८ देशांत नोकरीच्या व्हिसावर जायचं तर त्यावर आधी ई-मायग्रेटवरून मंजुरी लागते. ती नसेल तर इमिग्रेशनवरून परत पाठवतात. एजंट "होतंय, काळजी करू नका" म्हणाला तरी कागद हातात घेतल्याशिवाय गाडी भरू नका.

आणखी एक नवीन घोळ. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. तिकिटावर नुसतं मुंबई वाचू नका, बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे पनवेलजवळचं. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर मुंबईच्या ट्रॅफिकमधून परत उलटं यावं लागेल.

कोल्हापूरहून विमानाने मुंबई गाठणं सोपं वाटतं, उजळाईवाडी आपल्याला जवळ आहे. पण दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. जाण्याचं चुकलं की त्याच तिकिटावरचं परतीचंही बहुधा रद्द होतं. अशा वेळी मध्ये एक रात्र ठेवा. पावसाळ्यात तर कोल्हापूरचा रस्ताही गृहीत धरू नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो बंद पडला होता. त्या दिवसांत विमान असेल तर आदल्या दिवशी मुंबईत पोहोचलेलं बरं. महालक्ष्मी एक्स्प्रेसचं सांगलीहून तिकीट मिळालं तर तीही धरा, सकाळी मुंबईत उतरवते आणि रात्रीच्या विमानाला अख्खा दिवस हातात राहतो.